अठरा पूर्ण झाली, म्हणून खावटी संपली?

आज हप्त्यांबद्दल बोलणार नाही आणि बँकेच्या कर्जाबद्दलही नाही. आज खावटीबद्दल बोलायचंय. कोर्टाच्या कागदात तिला पोटगी म्हणतात, कुठं निर्वाह खर्च म्हणतात. आपण खावटी म्हणतो, म्हणून मीही खावटीच म्हणते. त्यातही एकच गोष्ट धरून बोलणार आहे. मूल १८ वर्षांचं झालं की बापाची जबाबदारी संपते का?

आधीच सांगते, मी वकील नाही. बी.ए. झालेली बाई आहे, गटांच्या वह्या तपासते, बैठका घेते. आज जे सांगणार आहे ते मला आधीपासून ठाऊक होतं असंही नाही. ठाऊक नसताना मी एका ताईला सल्ला दिला, आणि तो चुकीचा निघाला. तिथूनच सुरू करते. ताईंना विचारूनच सांगतेय, फक्त नाव-गाव घेत नाही.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या एका गटाची बैठक होती. पेरणीचे दिवस, त्यामुळं बहुतेकींना बी-बियाण्यासाठी कर्ज हवं होतं. या ताईंनी मात्र २०,००० रुपये मागितले, लेकीच्या ॲडमिशनसाठी. ताई कर्ज काढणाऱ्यातल्या नव्हेत. नऊ-दहा वर्षांपूर्वी नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हापासून माहेरी राहतात. भावाच्या घराला लागून पत्र्याच्या दोन खोल्या, एक शिलाई मशीन, आणि हंगामात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं. नवरा शहरात कंपनीत कामाला. कोर्टानं महिन्याला ५,००० रुपये खावटी बांधून दिलेली, दर महिन्याच्या १० तारखेला द्यायची. तो कधी वेळेवर द्यायचा, कधी दोन महिन्यांचे एकदम.

मी विचारलं, "ताई, खावटी येते ना?"

म्हणाल्या, "गेल्या जूनपासून रुपया नाही. पोरीचं बारावीचं वर्ष, म्हटलं आता कोर्टाच्या फेऱ्या नकोत. जानेवारीत तिला अठरा पूर्ण झाली, तर त्याचा फोन आला. पोरगी सज्ञान झाली, आता माझ्याकडं काही मागायचं नाही, म्हणाला."

आणि मी काय बोलले? "हो ताई, अठरापर्यंतच असते ती." जसं काही मी कायद्याचं पुस्तक उघडूनच बसले होते. त्यांनी मान हलवली, कर्ज मंजूर झालं, मी पुढच्या बाईच्या अर्जाकडं वळले.

सप्टेंबरच्या शेवटी तालुका विधी सेवा समितीचं शिबिर होतं. तिथं आलेल्या वकील मॅडमना चहा देता देता मी सहज हे बोलले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आदेशाची प्रत बघितलीत का तुम्ही?" नव्हती बघितली. दुसऱ्या दिवशी ताई ती घेऊन आल्या, रेशन कार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. मराठीतच होती. शेवटच्या पानावर दोन वाक्यं होती. पत्नीस दरमहा ३,००० रुपये. मुलीस दरमहा २,००० रुपये, ती सज्ञान होईपर्यंत.

बघा बरं. दोन माणसांची दोन खावट्या. लेक १८ ची झाली म्हणून थांबले असते तर तिचे २,००० थांबले असते. आईच्या ३,००० चा लेकीच्या वाढदिवसाशी काय संबंध? बाईचा हक्क वेगळा आहे. तिनं दुसरं लग्न केलं, किंवा कोर्टानं आदेश बदलला, तर गोष्ट निराळी. पण नवऱ्यानं फोनवर सांगितलं म्हणून आदेश बदलत नाही. आदेश कोर्टच बदलतं, आणि त्यासाठी त्याला अर्ज करावा लागतो. इतकी वर्षं मी त्या ताईंच्या गटात येत-जात होते, त्यांच्या कर्जाचा प्रत्येक कागद मी वाचला होता. हा एक वाचला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून महाग पडली. थकलेली खावटी वसूल करायला वॉरंट काढून घ्यायचं, तर ज्या तारखेला रक्कम द्यायची होती त्या तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ताईंचा अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडला. म्हणजे आदल्या वर्षीचे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे चार महिने हातातून गेले. पाच हजाराप्रमाणे २०,००० रुपये. मी जूनच्या त्या बैठकीत "चला, उद्याच तालुक्याला जाऊ" म्हटलं असतं तर हे चारही महिने अर्जात बसले असते. जेवढं कर्ज त्यांनी गटातून काढलं तेवढीच ही रक्कम. हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला आणि बराच वेळ तसाच बघत बसले. जुन्या महिन्यांसाठी दिवाणी मार्गानं झगडता येतं असं मॅडम म्हणाल्या, पण ती लांबची वाट.

म्हणून खावटी तीन महिने थकली की लगेच विचारायला जा. सण होऊ दे, परीक्षा होऊ दे, सुगी होऊ दे, असं करत वर्ष कधी उलटतं कळत नाही. आणि वॉरंट निघालं की कोर्ट एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. काही जण म्हणतात, "जेलात जाऊन बसतो, पण पैसे देणार नाही." बसू दे की. कैद भोगल्यानं खावटी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगून ठेवलंय.

आता मुलांच्या खावटीकडं येऊ. १८ ची रेघ नेमकी कुठून आली?

खावटीच्या बहुतेक केसेस ज्या कलमाखाली चालतात ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात ते कलम १४४ झालं. हे कलम सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातीजमातींच्या बायकांना आणि मुलांना लागू आहे. आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला हक्क आहे. पण या कलमात मुलाची खावटी १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतच. म्हणजे नवरा म्हणाला ते या एका कलमापुरतं खरं होतं. अर्धं खरं बोलणाऱ्याशी भांडणं फार अवघड जातं बघा.

या कलमातच एक अपवाद आहे. मूल शरीरानं किंवा मनानं अपंग असेल आणि त्यामुळं स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर १८ नंतरही खावटी मागता येते. मुलगा असो की मुलगी. फक्त लग्न झालेल्या मुलीला हा अपवाद नाही. आपल्या पंचक्रोशीत अशी मुलं आहेत, मी घरोघरी जाते तेव्हा बघते. आई म्हणते, "आता हा वीसचा झाला, कोण देणार?" तर बाप देणार. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा, मतिमंदत्वाचं असेल तर तेही, आणि मूल १८ चं व्हायच्या आधीच वकिलाला भेटा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

आता लेकी. त्यांच्यासाठी दुसरं दार आहे, आणि ते फार जणींना माहीतच नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे, १९५६ चा. त्याच्या कलम २० मध्ये म्हटलंय की अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मिळकतीवर जगू शकत नसेल, तर तिचा निर्वाह करणं आईबापावर बंधनकारक आहे. इथं १८ ची रेघ नाही. लग्न होईपर्यंत, किंवा ती कमावती होईपर्यंत. आणि निर्वाह म्हणजे फक्त भाकरी नव्हे. त्याच कायद्यात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी असं स्पष्ट लिहिलंय. अविवाहित मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा त्यात धरलाय. हा लग्नाचा भाग पुरुषांना पटकन पटतो, चार माणसांत मान राहतो ना. कॉलेजच्या फीची पावती कुणी मांडवात लावत नाही.

हरियाणातल्या एका मुलीचा खटला यावरच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, मुलगी सज्ञान आहे, अपंग नाही, तर १२५ कलमात तिला खावटी मिळणार नाही. पण १९५६ च्या कायद्याखाली अविवाहित मुलीचा हक्क शाबूत आहे, तिनं तिकडून मागावं. दार चुकलं होतं, हक्क चुकला नव्हता. मोठ्या शहरांत कुटुंब न्यायालय असतं, तिथं दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मागता येतात. आपल्या तालुक्याला ते नाही. म्हणून आपल्याकडं लहान मुलांची खावटी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, आणि सज्ञान लेकीचा दावा दिवाणी न्यायालयात.

हा १९५६ चा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. आदिवासी म्हणजे अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना मात्र तो आपोआप लागू होत नाही, त्यांना १४४ कलमाचं दार आहेच. मुस्लिम मैत्रिणींसाठी १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. तलाक झाला तरी मुलांची जबाबदारी बापावर राहते, आणि मुलींच्या बाबतीत लग्न होईपर्यंत राहते, असं त्यात म्हटलंय. तुमच्या गटातल्या भाभींना हे सांगा, त्यांना दोन वर्षांचीच खावटी असते असा कुणीतरी समज करून दिलेला असतो.

मुलांचं, म्हणजे पोरग्यांचं काय? इथं मला गोड बोलता येणार नाही. धडधाकट मुलगा १८ चा झाला की कायद्यानं त्याची खावटी संपते. १९५६ च्या कायद्यातही मुलाला तो अज्ञान आहे तोवरच हक्क आहे. आपल्याकडं बहुतेक मुलं बारावीची परीक्षा देता देताच १८ ची होतात. म्हणजे आयटीआय, डिप्लोमा, कॉलेज यांचा खर्च उभा राहतो त्याच महिन्यात बापाचं देणं थांबतं. कायदा करणाऱ्यांनी कधी जूनमध्ये ॲडमिशनच्या रांगेत उभं राहून बघितलं नसावं.

मग काय करायचं? दोन गोष्टी करता येतात. घटस्फोट संमतीनं होत असेल किंवा तडजोड होत असेल, तर त्यातच लिहून घ्या की मुलाचं शिक्षण अमुक पदवीपर्यंत, फी आणि वसतिगृहाचा खर्च वडील देतील. बापानं कबूल केलं आणि कोर्टानं ते नोंदवलं तर १८ ची रेघ आड येत नाही. पण हे गावच्या चार माणसांसमोर स्टॅम्पपेपरवर नको. तो कागद घेऊन पुन्हा दावाच लावावा लागतो. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते, तिथं करून घ्या.

दुसरी गोष्ट अशी की आईनं स्वतःची खावटी वाढवून मागायची. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते, नव्या कायद्यात त्याचं कलम १४६ आहे. मुलगा १८ चा झाला तरी ताटात तोच बसतो, घरभाडं तेच, एस.टी.चं भाडं वाढलेलं. २०२१ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानं हेच म्हटलं, की मुलगा १८ चा झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही. तो निकाल दिल्लीचा आहे, आपल्याकडच्या कोर्टावर बंधन नाही, पण वकील तो पुढं ठेवू शकतात.

पुन्हा आपल्या ताईंकडं येते, कारण मधे एक गंमत झाली. गंमत म्हणते, पण अंगावर काटा आला होता. ऑगस्टमध्ये मुलीच्या काकाचा निरोप आला होता. "कॉलेजची फी भरतो, फक्त दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात येऊन एक सही करून जा." सही कशावर? हक्कसोडपत्रावर. गावाकडं वडिलोपार्जित चार एकर आहे, त्यात मुलीचा वाटा. लेक अज्ञान होती तोवर तिची सही चालत नव्हती. १८ झाली आणि सही चालायला लागली. म्हणजे खावटी द्यायला ती मोठी झाली म्हणून नको, आणि सही घ्यायला मोठी झाली म्हणून हवी! त्या दिवशी कॉलेजात प्रवेशाची यादी लागायची होती म्हणून ती गेली नाही, एवढ्यावर वाचलं.

मैत्रिणींनो, खावटी आणि जमिनीचा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईबापाचा घटस्फोट झाला तरी मुलांचा वारसा तुटत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. फीच्या बदल्यात जमीन सोडायला कुणी सांगत असेल तर घरी जा, कागद वाचायला मागा, आणि सही करू नका.

कागदांचं बोलू थोडं. खावटीच्या आदेशाची प्रमाणित प्रत, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक भरून आणलेलं, म्हणजे कुठल्या महिन्याचे पैसे आले आणि कुठल्या महिन्याचे नाहीत ते दिसतं. कॉलेजच्या फीच्या पावत्या, मेसचं बिल, एस.टी.चा पास. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत असतो, पुढं पैसे पडतात, तो खर्चही मांडा. नवरा हातात रोख देत असेल तर यापुढं खात्यावरच टाकायला सांगा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकारनं माफ केली आहे, तिचाही फायदा घ्या. पण फी माफ झाली म्हणजे बाप सुटला असं नव्हे. राहणं, खाणं, पुस्तकं कोण भरणार?

पैशांची भीती बाळगू नका. बाईला आणि मुलांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे १९८७ च्या कायद्यात आहे. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणात बाईला कोर्ट फीही माफ आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच समितीचं कार्यालय असतं. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. पहिल्यांदा जाताना एकटी जाऊ नका, गटातली एक मैत्रीण बरोबर न्या. साहेबांपुढं एकटीला बोलायला सुचत नाही, हे मी माझ्या अनुभवानं सांगते.

ताईंच्या अर्जात आईचे १२ महिन्यांचे ३६,००० आणि लेक १८ ची होण्याआधीच्या तीन महिन्यांचे ६,००० असे ४२,००० रुपये मागितले. नोटीस गेल्यावर नवरा पहिल्याच तारखेला हजर झाला आणि १५,००० भरले. बाकीचे हप्त्यानं देतोय, कुरकुर करत. आईची खावटी पुन्हा सुरू झाली.

लेकीचा दावा वेगळा लागलाय, दिवाणी कोर्टात. तो तिच्याच नावानं, कारण आता ती सज्ञान, आई तिच्या वतीनं मागू शकत नाही. ती नर्सिंगला आहे. त्या दिवशी कॉलेज बुडवून आली, वकील मॅडमच्या टेबलापाशी उभ्यानं सगळा अर्ज वाचला, दोनदा वाचला, एका ठिकाणी तिच्या जन्माचं साल चुकलेलं होतं ते दाखवलं, दुरुस्त करून घेतलं आणि मग सही केली. पुढची तारीख २३ ला आहे. मी बरोबर जाणार आहे. ताईंच्या २०,००० च्या कर्जाचे अजून सहा हप्ते राहिलेत, ते वेळेवर येतायत.